काचेच्या दारापुढचं निरांजन

नागोराव यवतमाळकडच्या गावातून पुण्यात आला, तेव्हा हिंजवडीत अजून ऊस उभा होता. उसाच्या जागी काचेच्या इमारती उगवल्या, आणि तो एका संशोधन संस्थेत कंत्राटी मदतनीस झाला. त्याचं काम अंधार सांभाळायचं. खिडक्यांना काळा कागद लावायचा, औषधाच्या बाटल्यांना चंदेरी कागद गुंडाळायचा, हिरव्या मिणमिणत्या बल्बखाली हात चालवायचे. आठ वर्षांत त्याच्या हातून उजेडाचा एक कवडसाही आत सांडला नव्हता.

त्या खोलीत पूर्णिमा मॅडम कर्करोगाच्या औषधावर काम करायच्या. औषध अंधारात निजलेलं. लाल प्रकाश पडला की जागं होऊन पेशी मारायचं. जुनं औषध साऱ्या अंगभर पसरायचं, म्हणून रोग्याला महिनाभर उजेडापासून लपावं लागे.

हे नागोरावला कोणी शिकवायला नको होतं. पाच वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, मथुराबाईला, जिभेच्या गाठीवर तेच जुनं औषध मिळालं होतं. विश्रांतवाडीच्या खोलीत दाराला गोणपाट बांधून ती सतरा दिवस बसली. अठराव्या दिवशी त्याच्या सायकलची घंटी ऐकून तिनं हातानं गोणपाट बाजूला सारलं. दुपारचं ऊन होतं. हात कोपरापर्यंत फोडांनी भरला. पुढे गाठ परत आली, मथुराबाई गेली. नागोरावच्या मनात मात्र तो हात राहिला.

मॅडमनी औषधाला नवी शेपटी जोडली होती. "नागोराव, प्रत्येक पेशीत बारक्या चुली असतात. मायटोकॉन्ड्रिया. रोगी पेशीच्या चुली या औषधाला जास्त जोरानं ओढतात. औषध तिथंच जाऊन बसेल. निरोगी पेशी उजेडातही वाचतील."

"म्हंजे माणसाले गोणपाटामागं बसा लागनार नाई?"

"जमलं तर नाही. आणि जमलं, तर शोधनिबंधाच्या आभारात तुमचं नाव घालीन. माझा शब्द."

त्या शब्दावर नागोराव दोन वर्षं रविवारीही कामाला आला.

२००८ची खंडेनवमी. संस्थेत दरवर्षी यंत्रांची पूजा व्हायची आणि हळदकुंकू नागोरावच लावायचा. त्या सकाळी पेशी उबेच्या कपाटात होत्या. एका थाळीत रोगी, शेजारच्या थाळीत निरोगी, दोन्हींना औषध पाजलेलं. कपाटाला बाहेरून लोखंडी दार, आत काचेचं. दुपारी मॅडम त्यांच्यावर लाल प्रकाश टाकणार होत्या. तोवर लोखंडी दाराचा अंधार पुरेसा होता.

"मॅडम, यालेबी ओवाळू का? मथुरेसाठी."

मॅडम घाईत होत्या. वर सभागृहात संचालकांचं भाषण होतं. "ओवाळा. फक्त लाल दिवा सुरू करू नका."

बंद दाराआडून कसं ओवाळायचं? नागोरावनं लोखंडी दार उघडलं. काचेपुढं झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन लावलं, हात जोडले. लोखंडी दार लावायला वळला आणि थबकला. दाराच्या वाटेत निरांजन जळत होतं. देवापुढं लावलेली वात फुंकायची नसते, पेटती हलवायची नसते. आईनं तसंच शिकवलं होतं. आणि एवढीशी ती ज्योत! तो शेजारी बसून राहिला. वात तासभर जळली. ज्योतीच्या पिवळ्यात लाल किती दडलेला असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मॅडमना ठाऊक होतं, पण त्या भाषण ऐकत होत्या.

दुपारी लाल प्रकाश टाकण्याआधी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रोगी पेशी बहुतेक मेल्या होत्या. निरोगी जशाच्या तशा.

त्यांनी विझलेल्या निरांजनाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "प्रयोग नासला."

दोन दिवसांनी संचालकांपुढं बोलावणं आलं. "कोणाच्या परवानगीनं?" त्यांनी विचारलं.

नागोरावनं मॅडमकडं पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम हातातल्या पेनाचं टोपण उघडत राहिल्या, लावत राहिल्या.

"आपन होऊन केलं, साहेब," नागोराव म्हणाला.

कंत्राटदारानं त्याला येरवड्याच्या एका आयटी कंपनीच्या फाटकावर पाठवलं. तिथं चोवीस तास दिवे. गळ्यातली ओळखपत्रं पाहायची, गाडीखाली आरसा फिरवायचा.

दीड वर्षानं संस्थेच्या कँटीनचा कासिम आला. त्याच्या हातात छापील पानं होती; एका विद्यार्थ्याकडून त्यानं ती समजून घेतली होती.

"काका, मॅडमचा निबंध आला. लिहिलंय, अगदी मंद पिवळ्या उजेडातही रोगी पेशी मरतात, निरोगी वाचतात. ही दिशा एका अनपेक्षित निरीक्षणातून मिळाली म्हणे."

"आभारात?"

"संचालक आहेत. वीज विभाग आहे. सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणारी कंपनी आहे." कासिमनं पानं खाली केली. "तुमचा दिवा आलाय काका, तुम्ही नाही."

मागं मोटारीनं हॉर्न दिला. नागोरावनं आरसा फिरवला, गाडी सोडली, परत आला.

"निरोगी वाचल्या, हे पक्कं लिव्हलं हाये ना?"

"पक्कं."

"मंग तिचा हात भाजला नसता."

कासिमनं पानं पुढं केली. "ठेवा. घरी न्या."

"नको. तिच्या फोटोपुढं हे ठिवलं, तर ती विचारन, तुमचं नाव कुटं हाये? तिले वाचता येत होतं."

त्यानं पानं कासिमच्या पिशवीत परत घातली आणि पुढच्या मोटारीसाठी आरसा उचलला.