सर्व्हरवर उरलेली घड्याळं

माझ्या भागीदारानं मला फसवलं, आणि माझ्या तोंडून फुलंब्रीच्या एका ताईंना फसवलं. हे रागात लिहीत नाही. राग येऊन गेला. माझा राग कसा आहे हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. टी. व्ही. सेंटरजवळच्या दोन चहाच्या टपऱ्यांवर मी त्यापायी आता जात नाही. पण आता डोकं शांत आहे, म्हणून क्रमानं सांगतो.

वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. शाळा सुटली की मी तिथंच असायचो. पहिला सांगितलेला आकडा कधीच खरा नसतो, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. पुढं शहरात आलो, एका क्लासात जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, चार ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि हर्सूलला दोन खोल्या घेऊन स्वतःचं काम उभं केलं. भागीदार त्याच क्लासातला. कोड दोघंही लिहायचो, पण त्याचा हात सफाईदार, म्हणून अवघड काम त्याच्याकडं आणि गिऱ्हाईक माझ्याकडं.

आमच्याकडं एक रीत पडून गेली होती. कामाला किती दिवस लागतील असं मी विचारायचो. समोरचा जे सांगेल त्याचे मी निम्मे करायचो. हे सगळ्यांना माहीत झालं, तसे सगळे दुप्पट सांगू लागले. दहा म्हणजे पाच. दोन्ही बाजूंना ठाऊक, कुणाचीच तक्रार नाही. यार्डात वाढलेल्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही.

ताईंचं काम आलं तेव्हा त्यांची हॅचरी नवी होती. अंडी उबवायच्या मशीनमध्ये तापमान आणि ओलावा सांभाळावा लागतो. मशीनवरचे सेन्सर आकडे पाठवणार, आमचं वेब ॲप्लिकेशन दर दहा मिनिटांनी ते तपासणार आणि काही बिघडलं तर ताईंच्या फोनवर मेसेज जाणार, असं ठरलं. ताईंनी एक अट घातली. सुरुवातीला ॲप आमच्या सर्व्हरवर राहील, पण पुढं त्या दुसरीकडं हलवणार. त्यांचा भाचा त्यातलं जाणणारा होता, त्यानं शिकवून पाठवलं असावं. “दादा, उद्या तुमचं-माझं नाय जमलं तर? माझं बिऱ्हाड मला उचलून नेता आलं पायजे.” मला बाई आवडल्या. मी शब्द दिला.

आता दर दहा मिनिटांनी काम करायचं म्हणजे ॲपला घड्याळ लागतं. ते दोन प्रकारे मिळतं. एक, ॲपनं स्वतःच आपला थ्रेड, म्हणजे मागं आपला आपण चालत राहणारा कामाचा धागा, सुरू करून त्यात घड्याळ चालवायचं. दोन, ज्या सर्व्हरवर ॲप राहतं, त्याच्याकडून घड्याळ मागून घ्यायचं. जावाचे प्रमाणित नियम दुसरा रस्ता सांगतात. आमच्या शहरात नळाला पाणी येतं तेव्हा कुणी भाडेकरू गुपचूप थेट लाईनवर मोटर लावतो, तसा पहिला रस्ता आहे. पाणी मिळतं, पण घरमालकाला त्या मोटरचा पत्ता नसतो. भाडेकरू निघून गेला तरी मोटर चालूच राहते, कारण ती बंद करायची हे कुणाच्या कामातच नाही. सर्व्हरकडून घेतलेल्या घड्याळाचं तसं होत नाही. ॲप काढलं की सर्व्हर ते थांबवतो, आणि नियम पाळणारा कुठलाही सर्व्हर तसंच घड्याळ देतो. बिऱ्हाड हलवता येतं ते त्यामुळं.

मी भागीदाराला विचारलं, “नियमानं करायचं, किती दिवस?”

“आठ.”

“चार.”

“अरे, आठ म्हणजे आठ. या वेळेला फुगवून नाय सांगितलं.”

“हे तू दर वेळी म्हणतोस. चल, तीन.”

“चारावरून तिनावर आलास? लई भारी, शेठ.” तो हसला. मग म्हणाला, “व्हय, तीन. घे.”

तो हसला म्हणून मला वाटलं, सौदा बरोबर बसला.

तिसऱ्या दिवशी काम झालं. सोबत त्यानं दोन पानांची नोंद दिली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, ‘नियतकालिक कामे प्रमाणित पद्धतीने, कोणत्याही सर्व्हरवर चालतील.’ मी चालवून पाहिलं, मेसेज वेळेवर येत होते. कोड उघडून पाहिला नाही. ती नोंद मी ताईंना वाचून दाखवली. वर्षभर सगळं सुरळीत चाललं, कारण आमच्या सर्व्हरवर काही बदलायचं असलं की आम्ही अख्खा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचो. त्यात घड्याळही मरायचं. मधल्या काळात भागीदार पुण्याला मोठ्या नोकरीवर गेला. रीतसर, भांडण न करता.

मग ताईंनी ठरल्याप्रमाणं ॲप नव्या सर्व्हरवर हलवलं. ते काम माझ्याकडंच दिलं. तिथं सर्व्हर बंद करत नाहीत. जुनं ॲप काढून चालत्या सर्व्हरवरच नवं ठेवतात.

त्याच सुमारास ताईंनी गावातल्या बचत गटाच्या बायकांना पिल्लं द्यायचं कबूल केलं होतं. पहिल्यांदाच. बायकांनी खुराडी बांधून ठेवली होती. ताईंना घरातून कुणाचा पाठिंबा नव्हता. दीर सगळ्यांसमोर ‘कोंबडीवाली मॅडम’ म्हणायचे. ही एक खेप नीट निघाली असती तर ती तोंडं बंद झाली असती.

अठराव्या दिवशी अंडी पिल्लं निघायच्या मशीनमध्ये हलवतात आणि विसाव्या दिवशी, पिल्लं आतून कवचाला टोच मारू लागली की, ओलावा वाढवतात. त्यासाठी वेगळ्या मर्यादा हव्यात असं ताईंनी सांगितलं. मी बदल करून नवं ॲप ठेवलं. त्यात ओलाव्याची मर्यादा चुकून जुनीच राहिली, ती सुधारून पुन्हा ठेवलं. दुपारी ताईंचा फोन.

“दादा, तुमचं यंत्र नुसतं बोंबलतंय. ओलावा जास्त, ओलावा जास्त. अवो, म्याच वाढवलाय ना तो!”

मी मर्यादा तपासल्या. बरोबर होत्या. मला वाटलं, जुने अडकलेले मेसेज उशिरा येत असतील.

“ताई, आज लक्ष देऊ नका. उद्या सकाळी बघतो.”

हे वाक्य माझं आहे. ते मी दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकत नाही.

ताईंनी फोनचा आवाज बंद केला आणि कसल्याशा दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेल्या. त्या दुपारी मशीनचा पंखा बंद पडला आणि आतलं तापमान चढत गेलं. मेसेज आला होता, वेळेवर आला होता. खोट्या मेसेजच्या रांगेत तो खरा कुठं आहे हे कोण शोधणार? ताई परतल्या तेव्हा काही अंड्यांना टोच पडलेली होती आणि आतून आवाज येत नव्हता.

मी सर्व्हरवर चालू असलेल्या थ्रेडची यादी काढली. एकाच नावाची तीन घड्याळं. दोन काढून टाकलेल्या ॲपची, जुन्या मर्यादा डोक्यात धरून दर दहा मिनिटांनी ओरडणारी, आणि एक खरं. मग पहिल्यांदा मी त्याचा कोड उघडला. स्वतःचा थ्रेड, स्वतःचं घड्याळ. ते थांबवायची एक ओळसुद्धा नाही.

पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “शेठ, तू तीन दिवस दिलेस. तीन दिवसांत जेवढं होतं तेवढं केलं.”

“मग प्रमाणित पद्धत असं का लिहिलंस?”

“नसतं लिहिलं तर तू काम पास केलं असतंस?”

“नाय केलं असतं! त्यासाठीच तर वाचतो माणूस!”

“मग झालं तर,” म्हणाला, आणि फोन ठेवला. त्यानंतर उचलत नाही.

ते काम मी स्वतः नियमानं पुन्हा लिहिलं. मला नऊ दिवस लागले. बसवायला फुलंब्रीला गेलो तेव्हा ताईंनी चहा दिला. रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. खुराड्यांचं काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, एकीनं त्यात गवऱ्या रचल्यात. मग एवढंच विचारलं, “तुम्हाला दोघांनाबी ठाऊक होतं ना, बरोबर कसं करायचं ते? मग?”

माझ्या वाटणीचं मी सांगितलं. खरा आकडा समोर आला होता आणि मी तो कापला. उद्या बघतो म्हणालो. तिथंच बसून, मान खाली न घालता सांगितलं.

पण ताईंनी दोघांना विचारलंय, तुलाही. तीन दिवसांत होणार नाही, हे तोंडावर म्हणायला तुला काय झालं होतं? मी ओरडलो असतो, टेबल आपटलं असतं, आणि मग आठ दिवस दिले असते. हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पुण्याहून फुलंब्री काही परदेशात नाही. ये, त्यांच्या ओट्यावर बस, आणि त्यांना उत्तर दे.