केळीचे खांब नसलेला तंबू

आमच्या तंजावरात कोणत्या घरी लग्न आहे आणि कोणत्या घरी माणूस गेलं आहे, हे रस्त्याच्या टोकावरूनच कळतं. दारापुढे मांडव दोन्ही वेळा पडतो. लग्नाच्या मांडवाला दोन्ही बाजूंना घडासकट केळीचे खांब बांधलेले असतात. केळी नसल्या, साधं कापड आणि खाली चार लोखंडी खुर्च्या असल्या, की सायकलवरून जाणारा खाली उतरतो आणि हार आणायला फुलांच्या दुकानाकडे वळतो. कोणी काही विचारत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ह्यांनाही होतं. तरी त्या रविवारी आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आम्हाला तंबू घ्यायचा होता. हे कालव्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते. अर्धी नोकरी पापनाशमच्या बाजूच्या बांधांवर आणि मोऱ्यांवर गेली, त्यामुळे उघड्यावर झोपायची सवय झाली, आणि ती सवय त्यांनी आमच्यासारख्याच सहा मराठी घरांना लावली. दर वर्षी पोंगल झाला की सगळे मिळून तीन दिवस बाहेर पडायचो. कधी तिरुवैयारुच्या पलीकडे नदीकाठी, कधी डोंगरात, कधी समुद्रावर. मोठी माणसं, मुलं, शेगड्या, उडदाच्या पिठाचा डबा, सगळं. ते तीन दिवस हे मुलांशी मराठीतच बोलत. मुलं उत्तर तमिळमध्ये देत, पण हे हटत नसत.

आदल्या वर्षी समुद्रावर अवेळी पाऊस आला. तीन लहान तंबू होते, तिन्ही गळले. एक फाटलाच. बावीस माणसं कोळ्यांच्या जाळ्यांच्या झोपडीत बसून राहिली आणि घरी आल्यावर पाच मुलं तापली. तेव्हा ह्यांच्या थोरल्या बहिणीनं, जिला सगळी गल्लीच अक्का म्हणते, निकाल दिला. अक्का आमच्यातच राहायची आणि सहा घरांतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

"सगळी एकाच छताखाली मावतील असा तंबू आण. मी पावसात त्यात बसेन. कोरडी उठले तर पोरांना घेऊन जा. नाहीतर हे खूळ पुरे."

"अक्का, तू बसणार? तंबूत?" हे हसले.

"बसेन की. तुझ्या ऑफिसच्या गळक्या छपराखाली नाही का तू बसत?"

एरवी हसण्यावारी नेणारा माणूस, पण या वेळी ह्यांना रात्रंदिवस तेच दिसू लागलं. सहलच बंद झाली तर ही सहा घरं वर्षातून एकदा तरी एकत्र कशी यायची, आणि पोरांच्या कानावर आपली भाषा दुसरीकडे कुठे पडायची, असं ते म्हणत. मला ते तेव्हा जरा अतीच वाटे.

निवड माझ्याकडे आली, कारण मी मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल होते आणि कुठल्याही गोष्टीवर आधी पुस्तक शोधायची माझी खोड होती. ते दिवस बाजार परदेशी मालाला नुकता उघडल्याचे होते. तिरुचीच्या एका मोठ्या दुकानात निळ्या-पिवळ्या नायलॉनचे घुमटासारखे तंबू आले होते. दुकानदार 'फॉरिन' हा शब्द दर वाक्यात घालत होता. ह्यांचा जीव त्या निळ्यावर जडला. उचलायला हलका, पाच मिनिटांत उभा. मी मात्र कापडाचा खोलगा केला, त्यात दुकानातल्याच तांब्यातलं पाणी ओतलं आणि हातात धरून उभी राहिले. थोड्या वेळानं शिवणीतून थेंब उतरला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाऊस असा एका जागी उभा राहून पडतो का?"

शेवटी आम्ही बाजारामागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. तो जमिनीची मोजणी करणाऱ्या सरकारी पथकांसाठी तंबू शिवायचा. जाड सुती कॅनव्हास, वर दुसरं छत, शिवणीवर दुहेरी पट्टी, लोखंडी खांब. रंगवलेलं कापड लवकर कुजतं, असं तो म्हणाला, म्हणून मी कोरं, पांढुरकं निवडलं. रंग माझा. तो मीच निवडला.

"अगं, हा उचलायला हत्ती लागेल," हे म्हणाले.

"टिकायला हवा ना?"

"टिकेल. आपल्यानंतरही टिकेल," असं म्हणून त्यांनी कारागिराशी हात मिळवला.

कारागिरानं तीन गोष्टी बजावल्या. नवा कॅनव्हास पहिल्या पाण्यात गळतो, म्हणून एकदा उभा करून भरपूर भिजवायचा. धागे फुगले की शिवणीची भोकं बुजतात. दुसरं, कापड ओलं असताना आतून हात लावायचा नाही. जिथे बोट लागेल तिथून पाणी उतरतं. तिसरं, दोर सुती आहेत, पावसात आखडतात. वेळच्या वेळी सैल केले नाहीत तर मेखा उपटतात, नाहीतर कापड फाटतं.

भिजवायला घरात जागा नव्हती. म्हणून एका रविवारी सकाळी ह्यांनी आणि त्यांच्या बँकेतल्या मित्रानं तो दारापुढे रस्त्यातच उभा केला. मेखा मातीत ठोकल्या. बघायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या टाकल्या. मी आणि मित्राची बायको गच्चीतून बादल्या ओतत होतो. आणि थेंब नेमका कुठून येतो ते कळावं म्हणून हे आत चटई टाकून उताणे झोपले. हात छातीवर. चार माणसं भोवती उभी राहून मान वर करून छत बघत होती.

तंबूची घराकडची बाजू वर बांधलेली होती, तिथून गच्चीवरून मला दिसलं ते असं. आमच्या गल्लीच्या टोकाला गाणं शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ राहत, सगळे त्यांना वाद्यार, म्हणजे मास्तर, म्हणत. ते अनवाणी येत होते, हातात गुलाबाचा जाड हार. त्यांच्यामागे दोन बायका, पदर तोंडाला. ते आत वाकले. ह्यांना बघून त्यांना हुंदका फुटला, तो मला वर ऐकू आला. आणि हे ताडकन उठून बसले.

"काय झालं, सार? कोण गेलं?"

वाद्यार मागच्या मागे खुर्चीवर कोसळले. हार ह्यांच्या मांडीवर पडला. मग बँकेतला मित्र असा हसत सुटला की त्याला खांब धरावा लागला. त्याचा हात कापडाला लागला आणि तिथून पाण्याची धार त्याच्याच डोक्यावर आली.

"पाप्या!" वाद्यार थरथरत हसत होते. "पाणी तरी पाजा. मीच गेलो असतो आता."

"हार वाया घालवायचा नाही," म्हणत ह्यांनी तो वाद्यारांच्याच गळ्यात घातला.

मीही गच्चीवर हसत होते, पण हातातली बादली मी न ओतताच खाली ठेवली. त्या आधीचा क्षण, ते झोपलेले आणि भोवती ती माणसं, माझ्या डोळ्यांपुढून हलेना. अक्का मात्र हसली नाही. उंबऱ्यातून तिनं एकदा बाहेर पाहिलं.

"काढ ते. आत्ता काढ. मी त्यात पाऊल ठेवणार नाही."

"अक्का, गळत नाहीये आता. ये ना बघायला."

"अरे, तुला लाज कशी नाही?" एवढं म्हणून ती आत गेली. तंबू वाळवून माळ्यावर गेला. महिनाभर गल्ली ह्यांना चिडवत होती. अक्काची परीक्षा राहूनच गेली.

कार्तिकातला पाऊस आमच्याकडे दिवसचे दिवस पडतो. तशा एका सकाळी हे अंघोळीला गेले. मी पेपर वाचत होते. तांब्या पडल्याचा आवाज आला. तांब्या पडतो कधीकधी, म्हणून मी ती बातमी पुरी वाचली. त्या बातमीतला एकही शब्द मला आज आठवत नाही, पण ती पुरी वाचली हे आठवतं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी छत्री मिटलीसुद्धा नाही, तशीच उघडी दारात ठेवली, आत गेले आणि लगेच बाहेर आले.

मला रडू आलं नाही. सगळं फार स्पष्ट दिसत होतं, एवढंच. बँकेतला मित्र आला. मांडववाल्याचं कापड अशा पावसात टिकणार नव्हतं, आणि त्या सहा घरांतली माणसं तर येऊ लागली होती. तो माळ्यावर चढला. मग आणखी दोघे आले. ह्यांनी शिकवलं होतं तसाच, आधी मधले खांब, मग कोपरे, असा त्यांनी तो तंबू उभा केला. मेखा त्याच जुन्या खड्ड्यांत बसल्या. खाली खुर्च्या आल्या. मग ह्यांना बाहेर आणून चटईवर निजवलं.

आणि गल्लीतून कोणी येईना.

मी खांबापाशी बसले होते. एक दूधवाला सायकलवरून जाताना ओरडला, "काय सार, आज पाणी ओतायलाही नको! देवच ओततोय!" आणि घंटी वाजवत गेला. समोरच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला. दूर आपल्या ओट्यावर वाद्यार छत्री घेऊन उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघून बोट नाचवलं, या वेळी मी फसायचा नाही, अशा अर्थानं, आणि हसत आत गेले. मित्र रस्त्यात उभा होता. त्याला त्यांच्यामागे जाऊन सांगवेना. माझा हात उठेना.

मग मला दोर दिसले. आखडून ते तारेसारखे ताठ झाले होते आणि कोपऱ्यातली एक मेख मातीतून वर सरकत होती. मी उठले.

"कुठे निघालीस?" अक्कानं हात धरला.

"दोर."

"अगं, काय बोलतेस? बस खाली."

"दोर सैल करायला हवेत, अक्का. तंबू पडेल. ह्यांच्यावर पडेल."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हिचं डोकं फिरलं, हे मला त्यांच्या तोंडांवर वाचता येत होतं. मी पावसात बाहेर गेले आणि पहिली गाठ सोडली. ओली गाठ लवकर सुटत नाही, नखं दुखतात. दुसऱ्या बाजूनं मित्र सुरू झाला. आठ दोर होते. मी तिसऱ्यावर असताना वाद्यार पुन्हा ओट्यावर आले होते. पावसात डोक्यावर पदरही न घेता गाठी सोडणारी मी त्यांना दिसले. त्यांची छत्री खाली आली. ते तसेच भिजत आले, हाराशिवाय, आणि तंबूच्या बाहेरच थांबले.

"मी हसलो, अम्मा," ते म्हणाले. "इथूनच, आत्ता, मी हसलो."

मी त्यांना म्हटलं, "आत या. आतून कापडाला हात लावू नका."

ह्यांना नेल्यावर रीत म्हणून घर धुवायचं होतं. बायका आत गेल्या. अक्का सकाळपासून तंबूत जिथे बसली होती तिथेच होती. मी तिला उठवायला गेले. ती उठली, वळली आणि आपल्या बसल्या जागेवर तळवा टेकवून बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं तो तळवा माझ्यापुढे धरला. कोरडा होता. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

पोंगलनंतर मित्र आला. यंदा जायचं नाही असं सहाही घरांनी ठरवलं होतं, तेवढंच सांगायला. अक्कानं त्याला बोलू दिलं नाही. शिडी आणायला लावली.

"वैनी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"अक्का बसली होती त्यात," मी म्हटलं. "अट पुरी झाली."

"घेऊन जा," अक्का म्हणाली. "पोरांशी तमिळमध्ये बोललात तर मला कळेल. आणि पुन्हा या रस्त्यात तो उभा करायचा नाही."

मित्रानं आणखी दोघांना बोलावलं आणि तिघांनी मिळून तंबू माळ्यावरून खाली उतरवला. खरंच जड होता. त्यांनी तो गाडीत घालेपर्यंत मी दारात उभी राहिले, आणि गाडी सुटायच्या आधी मित्राला पुन्हा एकदा दोरांचं सांगितलं.