आत्या कॅमेरा बंद करत नसे

माझी आत्या लेखक-कलावंतांवर माहितीपट काढायची. सुरुवातीला तिने एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या फिल्म्स कापल्या आणि तिथेच तिला उमगलं, की कॅमेऱ्यासमोर थोर माणसं ताठ बसतात आणि ‘कट’ म्हटलं की माणसात येतात. म्हणून स्वतःची फिल्म काढायची वेळ आली, तेव्हा तिने कॅमेरामनला बजावलं, “मी ‘कट’ म्हणेन. तू ऐकू नकोस.”

पहिलाच गडी भारी होता. मोठा कादंबरीकार. मागे पुस्तकांचं कपाट, हातात कोरं करकरीत पेन, हनुवटीखाली मूठ. “लेखन म्हणजे एकांत,” असं तो दर तासाला नव्याने सुचल्यासारखं सांगायचा. आत्या मान डोलवून डोलवून थकली. शेवटी म्हणाली, “कट. झालं आमचं, आम्ही आवराआवर करतो.”

कादंबरीकाराने सुस्कारा सोडला, कोट खुंटीला अडकवला आणि बनियनवर शेजारच्या खोलीत गेला. तिथे बायको आरामखुर्चीत बसली होती. तो तिला नवी पानं वाचून दाखवू लागला. दार उघडंच होतं आणि कॅमेरामन आज्ञाधारक होता. तिसऱ्या पानाला बाईंचे डोळे मिटले, चौथ्याला त्या घोरू लागल्या. त्याने ती दोन्ही पानं टराटरा फाडली आणि पुढचं वाचायला घेतलं.

तयार फिल्म आत्याने आधी त्या दोघांनाच दाखवली. लपवाछपवी तिला एवढीच जमायची.

“हे कापा!” कादंबरीकार ओरडला. “आत्ताच्या आत्ता कापा!”

बाई मात्र पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. “अहो, एवढी वर्षं मला वाटायचं, तुम्ही प्रेमाने वाचून दाखवता.”

“प्रेमानेच की!”

“आणि मी झोपले की पानं फाडता?”

तो डोकं खाजवू लागला. “तुझी झोप कधी चुकत नाही गं.”

बाई आत्याकडे वळल्या. “राहू दे हो ते. वाईट कादंबरीचा त्रास आधी कोणाला होतो, ते लोकांना कळू दे.”

लोकांनी हसून हसून थिएटर डोक्यावर घेतलं. कादंबरीकाराचे कान लाल झाले, पण बाहेर पडताना वाचकांचा गराडा पडला तो बाईंभोवती. त्या दिवसापासून आत्याचं नाव झालं आणि पंचाईतही. चित्रकार, शिल्पकार, सगळे सावध झाले. ‘कट’ म्हटल्यावरही पोटं आत ओढून बसायचे. तरी हळूच विचारायचे, “आमच्याकडे कधी येताय?”

मग एक कवी भेटला. तो पहिल्या दिवशीच फाटक्या बनियनवर मटार सोलत बसला, ओळी विसरला, स्वतःवरच चिडला. आत्या खूश. रात्री चहा पिताना तो म्हणाला, “बनियन मुद्दाम फाडला. बरा दिसला ना?”

आत्याने सगळी फिल्म टाकून दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. तो रोज नवं सोंग घ्यायचा, ती रोज नव्या कोनातून बघायची. घरच्यांनी विचारलं, “किती लांबणार हे काम?”

“खरा माणूस सापडला, की संपेल,” ती म्हणाली.

आता त्यांना आम्ही आतोबा म्हणतो. फिल्म अजून अपुरीच आहे.