दोन कडा

मला तिचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं मी फार शहाण्यासारखी वागले अशा थाटात लिहीन.

कर्वेनगरमधल्या आमच्या छोट्या कंपनीत मला सतरा वर्षं झाली. कचेऱ्यांमधून पत्रं, अर्ज, अहवाल टाइप करायला लागणारं मराठी सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कुणाचं काही अडलं की साहेब म्हणायचे, "मॅडमना विचारा." मॅडम म्हणजे मी. त्या दोन शब्दांवर माझी कॉलर कायम ताठ. मग खडकीहून ती नवी मुलगी आली. पहिला आठवडा मीच तिला शेजारी बसवून काम शिकवलं. सहा महिन्यांत साहेब म्हणायला लागले, "तिला विचारा ना." डबे उघडले की लोक तिच्या शेंगदाण्याच्या चटणीवर तुटून पडायचे. माझी भेंडीची भाजी जशीच्या तशी घरी परत यायची.

त्याच सुमारास तक्रार आली. आमच्या नव्या आवृत्तीत पानाच्या मांडणीचा डायलॉग बॉक्स उघडला, की वर 'कडा' नावाचा टॅब दोनदा दिसत होता. साहेबांनी तिच्याकडे बघायच्या आत मी म्हणाले, "मी करते." यादीत तेच नाव दोनदा दिसलं, त्यातलं दुसरं उडवलं आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी दुरुस्ती पाठवूनही दिली. त्या टॅबच्या आत काय आहे, हे उघडून बघितलं नाही. तिच्याआधी मला ते संपवायचं होतं, बाकी काही नाही.

दोन दिवसांनी येरवड्याच्या एका कचेरीतून हेडक्लार्कचा फोन आला. तो तिने उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, तुमच्याकडे दोन कडा होत्या. त्यातली उपयोगाची तेवढी बरोब्बर काढलीत. आता समास कुठून सोडायचा आम्ही? पट्टी घेऊन स्क्रीनवर आखू का?"

सगळे हसले. ती हसली नाही. "काका, चहापर्यंत देते," म्हणाली.

तिने जुनी आवृत्ती काढून दोन्ही कडा उघडल्या. एकीत पानाभोवतीच्या चौकटीच्या रेघा होत्या. दुसरीत, म्हणजे मी उडवलेलीत, पानाच्या बाजूला सोडायची कोरी जागा. टॅब दोनदा आलेलाच नव्हता. टॅब दोन होते आणि नाव एक. आणि ही नावं ठेवणारी मीच. मला 'समास' हा शब्द तेव्हा सुचला नव्हता असं नाही. पण समास म्हटलं की लोकांना द्वंद्व आणि बहुव्रीही आठवतील, या भीतीने मी 'कडा' लिहिलं. पुढे दुसऱ्या एका डायलॉग बॉक्समध्ये रेघांनाही 'कडा'च दिलं, पहिलं विसरून. नव्या आवृत्तीत दोन्ही एका ठिकाणी आल्या आणि माझ्या दोन्ही चुका शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

मी काढलेला टॅब तिने परत आणला आणि त्यावर लिहिलं, 'समास'. चहा यायच्या आत काम झालं. मग ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. ती तिथे काय सांगणार याची मला खात्री होती, कारण तिच्या जागी मी असते तर सगळं सांगितलं असतं, वर मीठमसाला लावून.

साहेब बाहेर आले ते मोठ्याने बोलतच. "बघा, मॅडमच्या शिकवणीमुळे सुटलं म्हणते ही. अनुभव म्हणतात तो हा. इथून पुढे नावांचं काही असलं की मॅडमना विचारायचं."

मी तिला कोपऱ्यात गाठलं. "खोटं कशाला सांगितलंस?"

"खोटं कुठे, मॅडम? पहिल्या आठवड्यात तुम्हीच म्हणाला होतात ना, स्क्रीनवर काय लिहिलंय ते नंतर बघ, आधी समोरचा माणूस कुठला शब्द वापरतोय तो ऐक. काका समास म्हणाले. मी समास लिहिलं."

मी असं कधी बोलले होते? खूप आठवून बघितलं, आठवेना. मला हवे होते ते दोन शब्द साहेबांकडून परत मिळाले होते, आणि मला त्यांचा जराही आनंद होईना. इतके दिवस मी फक्त त्या मुलीवर जळत होते. त्या दुपारी, पहिल्या आठवड्यात तिच्या शेजारी बसून शिकवणाऱ्या बाईचाही मला हेवा वाटला.