मागच्या डाव्या बाजूचा आवाज

भूतखेत, भानामती यावर माझा विश्वास नाही. हे लिहून झाल्यावरही नसेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते सहज झालेलं नाही. बाबा लवकर गेले. माय वरवट बकालला लोकांच्या वावरात निंदायला जायची, बाजाराच्या दिवशी डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन पायी फिरायची. त्यातून मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, शाळेत लागले आणि जुनी का होईना, दारात गाडी आली.

त्याच वर्षी मायला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खामगावचे डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे, व्यायाम चुकवला तर बोलणं कायमचं जाईल. मग काय… शाळा, स्वयंपाक, आणि शेगावमार्गे खामगाव.

त्यातच गाडीत तो आवाज सुरू झाला. मागच्या डाव्या बाजूने. कुईं-कू… जरा थांबून पुन्हा कुईं-कू. माय पुढे माझ्या शेजारी. आवाज आला की ती मान मागे वळवायची आणि चांगल्या हाताने दाराची कडी ओढायची. चालत्या गाडीत. पुढेपुढे तर गाडीत बसायलाच तयार होईना.

सलीमभाईंच्या गॅरेजचे खेटे सुरू झाले. त्यांनी इंजिनच्या बेल्टवर पाणी मारून पाहिलं, ब्रेक पॅड काढून घासले, मागच्या शॉकअपचे रबरी बुश बदलले. ते गाडी चालवायचे आणि मी डिक्कीत कान लावून बसायचे, प्रत्येक स्पीडब्रेकरला डोकं आपटून घेत.

"आला का मॅडम?"

"नाही."

"मंग गाडी चांगली हाये. कानाच्या डॉक्टरले दाखवा."

आवाज माय गाडीत असली तरच येतो, हे हळूहळू ध्यानात आलं. वजनाचा प्रश्न असेल, असं मी म्हटलं. तिच्या सीटवर साधारण तेवढ्याच वजनाचं सोयाबीनचं पोतं ठेवलं, वरून सीटबेल्ट लावला. सलीमभाई पोत्याला म्हणाले, "नीट बसा मावशी." शेगावपर्यंत जाऊन आलो. गाडी गुपचूप.

पुढच्या खेपेला मायला मी जवळजवळ उचलूनच बसवलं. भर दुपार. शेगाव मागे पडलं आणि सुरू… कुईं-कू. मायचा हात कडीवर. मी इतकी थकले होते की गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

गाडी उभी. इंजिन बंद. आणि मागून — कुईं-कू.

माझी मान वळेना. मायची वळली. आणि कित्येक महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला. जड, अडखळता, पण शब्द स्वच्छ.

"नाही येत वो मी. जाय तू."

आमच्याकडे बाई बाईशी 'वो' लावून बोलते. गाडीत बाया दोनच, आणि माय माझ्याकडे पाहत नव्हती.

आवाज थांबला. पुन्हा कधी आला नाही. त्या दिवशी गाडीच्या एका नटालाही कोणी हात लावलेला नव्हता.

माय नीट बोलायला लागल्यावर एकदा गाडीतच विचारलं, "माय, तवा कोनाशी बोलली वो तू?"

"चाल वो, चाल वो करून राह्यली होती ना मांगं बसून."

"कोन?"

"तुले काऊन पाह्यजे? समोर पाह्य."

कुईं-कू. चाल-वो. आता मनात ते तसंच वाजतं. गाडी बंद केल्यावर धातू थंड होताना आवाज करतो, हे मी वर्गात शिकवते. पण उत्तर मिळालं म्हणून तो गप्प होत नाही.

याचं कारण मला आजही सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायचं त्राणही उरलेलं नाही. त्या दिवशी आम्ही खामगावला वेळेत पोचलो. पुढचा व्यायाम एकदाही चुकला नाही. माय आता काठी घेऊन चालते, आणि बोलते.