रथसप्तमीपर्यंत थांबलेलं बोरन्हाण

सकाळी ताईच्या शेजारच्या शिंदेवहिनींचा फोन आला. "भाऊ, ताई उठत नाहीयेत…" मी मुलुंडहून विक्रोळीला पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्याला महिना झाला. मी तिला दिलेली किडनी मात्र शेवटपर्यंत तिच्या पोटात नीट चालली.

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, बीएस्सी. शरीर परक्याला ओळखतं हे पुस्तकात वाचलं होतं. पण आम्ही एका आईची लेकरं, तरी ताईचं शरीर माझ्या किडनीला उपरी समजून हाकलू पाहत होतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, जन्मभर. ताई म्हणायची, "वॉचमनला मीच झोपवलंय रे. तू आत राहावास म्हणून." गोवराची लस तिला चालत नव्हती, त्यात दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. निरोगी शरीर त्याच्यावरून खऱ्याची ओळख करून घेतं आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. हे समजावलं तर म्हणाली, "म्हणजे माझा पहारा शेजारच्या लस टोचलेल्या पोरांकडे."

तिला मूलबाळ नव्हतं. मजल्यावरच्या प्रत्येक बाळाचं बोरन्हाण तिच्याच खोलीत व्हायचं, हलव्याचे दागिने तीच करायची. यंदा संक्रांतीला शिंदेवहिनी नातवाला घेऊन आल्या. पलीकडच्या चाळीत गोवर निघाला होता. ताईने दारातच विचारलं, "गोवराची लस झाली?"

"ताप येतो म्हणून राहिली. सणाच्या दिवशी पोराला दारातून हाकलता काय ताई?"

"हाकलत नाही हो. गोवर झाला तर त्याचे हाल होतील, आणि मी तर वाचायचीच नाही. आधी टोचून आणा. मग अंगाला शिकायला थोडे दिवस द्या. बोरन्हाण काय, रथसप्तमीपर्यंत चालतं."

वहिनी फणकाऱ्याने गेल्या. हलव्याचा मुकुट डब्यात राहिला. पण लसीच्या दिवशी त्या रांगेत होत्या, आणि रथसप्तमीला ताईने त्या पोराच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतले. त्याचा एवढासा दंड, त्यात शिकलेली एक ओळख… अशा कितीतरी पोरांच्या आडोशाला माझी बहीण जगली.

परवा तिची खोली आवरायला गेलो. जिन्यात वहिनी भेटल्या, नातू कडेवर. दुसऱ्या डोसला निघाल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "आता ताई कुठे आहे…"

"म्हणून काय झालं? कुणाच्या तरी घरी ताई असेलच की. सरका, उशीर होतोय."