पहिला टँकर मुलींचा

मी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होते, ते दुष्काळाचं वर्ष. धरण उशाला अन् कोरड घशाला! होस्टेलांना टँकर यायचा, अन् आधी कुणाकडं जायचं याची रोजची चिठ्ठी आमच्या प्रोजेक्टच्या प्रोग्राममधून निघायची. 'पहिला नंबर कुणाचा' एवढंच सांगणारं इवलंसं फंक्शन माझं, माझ्या फाईलमध्ये. चिठ्ठी छापणारी फाईल प्रोजेक्टमधल्या जोडीदाराची. हा उदगीरकडचा, उठता-बसता म्हणायचा, "आमचा जिल्हा येगळा झालाच पायजे."

मुलींकडं टँकर यायचा दुपारी, आम्ही वर्गात असताना. भांडभांडून मी प्रिन्सिपल सरांचा हुकूम मिळवला: उद्यापासून पहिला टँकर मुलींचा. फंक्शनमधली एक ओळ बदलली, माझी फाईल पुन्हा कंपाईल केली, म्हणजे मशीनच्या भाषेत नव्यानं उतरवली, अन् होस्टेलभर दवंडी पिटली, "पोरींनो, केस धुवा! सकाळी पाणीच पाणी." साठवलेलं सगळं पाणी डोक्यांवरून वाहून गेलं. मी तर दोनदा शाम्पू लावला.

सकाळी टँकर आमच्या फाटकासमोरून ऐटीत मुलांकडं गेला. एकजण म्हणाली, "आता तोंड तुझ्या फंक्शननं धुवू का?"

बादल्या घेऊन तणतणत मी मुलांच्या होस्टेलवर गेले. जोडीदार टॉवेल गुंडाळून उभा.

"माझी फाईल बरोबर हाय. चिठ्ठी जुनी कशी निघाली?"

त्यानं कान खाजवला. "मी कंपायलरला सांगितलं, दरवेळी तुझ्या फंक्शनकडं जाऊ नको, त्यातलं उचलून माझ्याच फाईलमध्ये टाक. लई फास्ट पळतंय."

म्हणजे हापशावर जायचा कंटाळा म्हणून रांजण भरून ठेवलेला. त्याची फाईल पुन्हा कंपाईलच झाली नव्हती. तिच्यात माझी जुनी ओळ आरामात बसली होती.

"दिवसातून एकदा चालणारा प्रोग्राम फास्ट करून राहिलास? टँकर यायला तीन तास लागतात, मेल्या! जिल्हा येगळा पायजे म्हणतोस, मग माझं फंक्शन कशाला गिळलंस?"

बिचारा ओशाळला. मुकाट्यानं बादल्या भरून आमच्या फाटकापर्यंत आणल्या, मग दोन्ही फायली नव्यानं कंपाईल केल्या. दुपारी नेहमीसारखा टँकर आमच्याकडं येऊन गेला. संध्याकाळी मी पुन्हा दवंडी दिली, "उद्या नक्की!"

"हाव, हाव," सगळ्या म्हणाल्या.

सकाळी टँकर खरंच आधी आमच्याकडं आला. मला इतका आनंद झाला, की मी अनवाणीच फाटकाकडं धावले. पण पाणी भरून घ्यायला अख्ख्या होस्टेलात एक रिकामी बादली निघेना. माझीही काठोकाठ भरलेली होती, खाटेखाली लपवलेली.